पोलिस दलातील नागरी कर्मचारी आणि घरून काम करण्याचा प्रश्न

आपल्या पत्रातील हकिगत थोडक्यात अशी, की आपण इंग्लंडमधील एका पोलिस दलात माहिती विश्लेषक या नागरी पदावर आहात, गेली तीन वर्षे आठवड्यातून दोन दिवस कार्यालयातून आणि तीन दिवस घरून काम करीत आहात, आणि आता आठवड्यातून चार दिवस कार्यालयात हजर राहण्याचा आदेश आला आहे. आपल्याला आमवात आहे, सकाळी सांधे आखडतात, आणि हे सांगितल्यावर वरिष्ठांनी ‘नियम सर्वांना सारखाच’ असे तोंडी उत्तर दिले.

आपण नोकर आहात, कॉन्स्टेबल नव्हे, हा भेद प्रथम लक्षात घ्यावा. कॉन्स्टेबल हा कायद्याच्या दृष्टीने पदधारक असल्याने लवचिक कामाच्या, म्हणजे कामाची वेळ किंवा जागा बदलून मागण्याच्या, अर्जाचा वैधानिक हक्क त्याला मिळत नाही. आपल्याला तो 1996च्या रोजगार हक्क कायद्याने मिळतो. 6 एप्रिल 2024पासून वर्षातून असे दोन अर्ज करता येतात, आपल्या संमतीने मुदत वाढवली नसेल तर निर्णय दोन महिन्यांत द्यावा लागतो, आणि आपल्याशी चर्चा केल्याशिवाय नकार देता येत नाही. तथापि या हक्कावर फार भिस्त ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नकारासाठी कायद्याने आठ व्यावसायिक कारणे मोकळी ठेवली आहेत आणि नोकरीविषयक दावे ऐकणारे रोजगार न्यायाधिकरण सध्या त्या कारणाच्या शहाणपणात फारसे शिरत नाही. वित्तीय आचरण प्राधिकरण या ब्रिटनच्या वित्तीय नियामक संस्थेतील एका अधिकारी महिलेने पूर्णपणे घरून काम करण्याची मागणी केली होती. तिच्या प्रकरणात नकार ग्राह्य ठरला आणि निर्णयास उशीर झाल्याबद्दल तिला केवळ 643 पौंड मिळाले.

आपली खरी बाजू 2010च्या समानता कायद्यात आहे. दैनंदिन व्यवहारावर भरीव परिणाम करणारा आणि बारा महिने टिकलेला किंवा टिकण्याची शक्यता असलेला आजार हा तेथे अपंगत्व ठरतो, आणि औषधांमुळे मिळणारा आराम वजा करून हा परिणाम मोजायचा असतो. त्यामुळे ‘गोळ्या घेऊन तुमचे बरे चालले आहे’ हा युक्तिवाद टिकत नाही. सर्वांना लागू असलेला नियम आपल्याला इतरांपेक्षा लक्षणीय गैरसोयीचा होत असेल, तर वाजवी फेरबदल करणे हे मालकाचे कर्तव्य आहे. सर्वांना सारखी वागणूक दिली, हा त्यावरचा बचाव नव्हे, आणि फेरबदल वाजवी आहे की नाही हे न्यायाधिकरण स्वतः ठरवते.

तेव्हा अर्ज लेखी करा आणि त्यात दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा. व्यावसायिक आरोग्य विभागाचा अहवाल मागवा. ज्या संवेदनशील नोंदी दलाच्या सुरक्षित संगणकावरच पाहाव्या लागतात, ते काम कार्यालयातील दोन दिवसांत कसे एकवटता येईल, हे तपशिलाने मांडा, कारण दलाचा सर्वांत सबळ आक्षेप तिथूनच येईल आणि त्याचे उत्तर आपल्याइतके नेमके कोणी देऊ शकणार नाही. नियुक्तिपत्रात केवळ कार्यालयाचा पत्ता असल्याने तीन वर्षांची वहिवाट कराराचा भाग झाली, हे सिद्ध करणे अवघड जाईल. तो मुद्दा दुय्यम ठेवावा.

उत्तर येईपर्यंत आदेश झुगारून घरी थांबू नका, कारण त्यातून शिस्तभंगाचा वेगळाच विषय उभा राहील. निषेध नोंदवून हजर राहा आणि त्रास झालेल्या दिवसांची टिपणे ठेवा. नकार मिळाल्यास न्यायाधिकरणात दाद मागण्यासाठी त्या तारखेपासून तीन महिन्यांना एक दिवस कमी अशी मुदत धरून चाला, आणि तिच्या आत एकॅसकडे (नोकरीविषयक वादांत समेट घडवणारी ब्रिटनमधील सार्वजनिक संस्था) समेटाची सूचना द्या; अंतर्गत तक्रार चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

दिवाळीत महिनाभर पुण्याहून काम करता येईल का, असेही आपण विचारले आहे. आईजवळ राहण्याची आपली ओढ मी समजू शकतो, परंतु लेखी परवानगीशिवाय दलाचा लॅपटॉप देशाबाहेर नेऊ नका. गुन्हेविषयक माहितीच्या सुरक्षिततेचे बंधन दलावर 2018च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आहे, आणि अशा चुकीपायी सुरक्षा पडताळणी रद्द झाली तर नोकरीही जाऊ शकते. त्या महिन्यासाठी रजाच मागा, आणि ती मागणी फेरबदलाच्या अर्जात मिसळू नका.