गाण्यांच्या सीडी संगणकावर घ्यायच्या आहेत. एमपी३ करू की फ्लॅक?

फ्लॅकच. आवाजातलं काही गळत नाही, एका सीडीला साधारण ३०० ते ४०० एमबी लागतात. फ्लॅकवरून एमपी३ कधीही बनवता येतं. उलट केलं तर गेलेला आवाज परत येत नाही.

विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा सीडी कॉपी करायचा प्रोग्राम सिक्युअर मोडमध्ये (वाचलेलं पुन्हा तपासणाऱ्या पद्धतीत) चालवा, अ‍ॅक्युरेटरिप चालू ठेवा. तुमची कॉपी इतरांच्या कॉपीशी जुळते का, ते त्यातून कळतं. ट्रॅक अडकला तर ड्राइव्हचा वेग कमी करा, सीडी मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा. गोल पुसू नका: सीडीवरचा डेटा गोल रेषेत असतो, त्या दिशेने चरा पडला तर सलग डेटा जातो आणि ड्राइव्हच्या चूक-दुरुस्तीला तो भरून काढता येत नाही.

गाण्यांची नावं आपोआप येतात, पण आधीच तपासा. शेकडो फाइली नंतर सुधारणं म्हणजे निव्वळ वैताग.