पीसी की कन्सोल? आधी पूर्ण हिशेब मांड

नुसत्या दुकानातल्या किमतीवर ठरवू नकोस. घरात टीव्ही आहे आणि फक्त खेळायचंच आहे, तर सुरुवातीला कन्सोलच (प्लेस्टेशनसारखं टीव्हीला जोडायचं गेमिंग मशीन) स्वस्त पडतो; तेवढ्या पैशात तितक्या ताकदीचा पीसी जमवणं कठीण. खरा फरक पुढे पडतो. प्लेस्टेशनवर विकतचे बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला ‘प्लेस्टेशन प्लस’ या सेवेची वर्गणी भरावी लागते, पीसीवर ती भानगड नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये जुने गेम अगदी कमी पैशात मिळतात, व्हॅलोरंट आणि डोटा २ तर फुकटच. कॉलेजचं कामही त्याच मशीनवर होतं.

कन्सोल घेतलास तर डिस्क ड्राइव्हवालाच घे. डिस्क खेळून झाली की विकता येते, डिजिटल गेम नाही.

पीसी ठरला तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड गाठ, तिथे कॉम्प्युटर पार्टची दुकानं आहेत, पण पहिल्याच दुकानात पैसे मोजू नकोस. चार ठिकाणी पार्टची यादी दाखव, जीएसटीसह कोटेशन लिहून घे. नवीन पोरं इथे चुकतात:

- सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात (गेमचं चित्र तयार करणारा पार्ट) ओततात आणि पॉवर सप्लाय (सगळ्या पार्टना वीज पुरवणारा) कुठलातरी स्वस्तातला घेतात. तो जळाला तर सोबत बाकीचे पार्टही नेऊ शकतो.
- मॉनिटर, कीबोर्ड हिशेबात धरतच नाहीत.
- वापरलेलं कार्ड न चालवता घेतात. समोर गेम लावायला सांग, पंख्याचा आवाज ऐक, तापमान बघ.

बजेट फारच तोकडं असेल तर इनबिल्ट ग्राफिक्सवाला प्रोसेसर घे, कार्ड नंतर टाकता येतं. ओव्हरक्लॉकिंग (पार्ट ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवणं) वगैरे सध्या डोक्यात आणू नकोस. बजेट किती आणि कुठले गेम खेळायचेत ते सांग, यादी मी करून देतो.