पोटाच्या चरबीवर शिकून नोकरी लागते का?

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातला शेतकरी. पाच एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मुलीने यंदा बारावी सायन्स केलं. नीटमध्ये सरकारी एमबीबीएस मिळेल एवढे मार्क नाहीत. तिची मावशी अंगाने अगदी बारीक, तरी तिला शुगर निघाली आणि सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी दिसली. तेव्हापासून मुलगी म्हणते, पोटातली चरबी बिघडली का ते रक्तातून ओळखायचं, त्यावर संशोधन करायचं. मी म्हणतो, डीएमएलटी कर आणि लॅबमध्ये लाग. साहेब, हे शिकून पोट भरते का?

उत्तर : भाऊ, नमस्कार.

तुमचा प्रश्न पैशाचा आहे आणि त्याचं उत्तर देतोच. पण आधी मुलीच्या डोक्यात काय आहे ते तुम्हाला कळायला हवं. तो वेडेपणा नाही.

मावशीसारखी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत. हातपाय काड्या, पोट थोडं पुढे, वजनकाट्यावर सगळं ठीक, आणि तपासलं तर साखर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जगासमोर मांडलं. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणून आपल्या लोकांसाठी नुसतं वजन पुरत नाही, कंबरही मोजतात. पुरुषांची ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ.

टेपने घेर कळतो, आत काय चाललंय ते कळत नाही. कातडीखालची चरबी ही कणगी समजा. ती नीट साठवते तोवर त्रास कमी. तिची जागा संपली की चरबी आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये जाऊन बसते. तिथल्या चरबीच्या पेशी फुगतात, काही मरतात, त्यांच्याभोवती शरीराच्या संरक्षक पेशी गोळा होतात आणि बारीक सूज कायमची राहते. ही सूज खात्रीने पाहायची तर ऑपरेशनच्या वेळी चरबीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवावा लागतो. एमआरआय आणि सीटी स्कॅन चरबी किती ते सांगतात, ती बिघडली की नाही हे नीट सांगत नाहीत. शिवाय दारव्ह्याच्या माणसाला एमआरआय परवडतो कुठे?

म्हणून रक्त. चरबीच्या पेशी स्वतःच रक्तात काही पदार्थ सोडतात. ॲडिपोनेक्टिन हा त्यातला चांगला पदार्थ. पोटातली चरबी वाढली की तो कमी होतो. लेप्टिन १९९४ साली सापडलं, ते चरबीबरोबर वाढतं. दोघांचं एकमेकांशी प्रमाण पाहिलं तर एकेकट्या आकड्यापेक्षा जास्त कळतं. सूज दाखवणारं सीआरपी असतं, उपाशीपोटी इन्शुलिन असतं, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल ही रक्तातल्या चरबीची मापं असतात. अडचण अशी की सीआरपी साध्या तापानेही चढतं, पायाला जखम असली तरी चढतं. एका आकड्यावरून ‘तुमच्या पोटातली चरबी बिघडली’ असं आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. चार-पाच आकडे एकत्र घेऊन, ऑपरेशनमधल्या तुकड्यांशी ताडून, आपल्या लोकांसाठी आपली मोजमापं बसवायची हे काम बाकी आहे. तुमची मुलगी हेच करू म्हणते.

आता तुमचं म्हणणं. डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाचा कोर्स, वाईट नाही. त्यात हाताला काम मिळतं आणि लवकर मिळतं. पण बारावीनंतर डीएमएलटी केलं तर तो डिप्लोमा होतो, आणि एम.एस्सी.ला पदवी लागते. उलट बी.एस्सी. झाल्यावर डीएमएलटी करता येतं. म्हणजे बी.एस्सी. आधी केलं तर तुमचाही रस्ता उघडा राहतो आणि तिचाही. माझं मत साफ आहे : अनुदानित कॉलेजात बी.एस्सी. बायोकेमिस्ट्री (शरीरातल्या रसायनांचं शास्त्र) असेल तर ती, नसेल तर केमिस्ट्री ठेवून. फी झेपेल अशी असते. ‘क्लिनिकल रिसर्च’ नावाने लाखभर मागणाऱ्या खासगी डिप्लोम्यांत एक रुपयाही घालू नका. त्यासाठी कर्ज तर मुळीच नको.

नंतर एम.एस्सी. त्यासाठी नागपूर विद्यापीठाचा बायोकेमिस्ट्री विभाग आहे. आयआयटी जॅम किंवा गॅट-बी या प्रवेश परीक्षा देऊन त्याहून मोठी दारंही उघडतात. मग सीएसआयआरची जेआरएफ, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीची परीक्षा. ती निघाली तर पीएच.डी. करतानाच महिन्याला ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. प्रवर्ग बसत असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या पीएच.डी. शिष्यवृत्त्या आहेत. पण लपवत नाही : पहिला पगार हाती यायला पाच वर्षं लागतील आणि जेआरएफ सगळ्यांना मिळत नाही. नाही मिळाली तर एम.एस्सी.वर मोठ्या लॅबमध्ये, तपासणी किट बनवणाऱ्या कंपनीत किंवा हॉस्पिटलच्या संशोधन प्रकल्पात काम मिळू शकतं.

हे फक्त पुण्या-मुंबईचं काम आहे असंही समजू नका. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या बायोकेमिस्ट्री विभागाने हत्तीरोगाच्या रक्तचाचण्यांवर अनेक वर्षं काम केलंय. रक्तातून रोग ओळखण्याचं संशोधन वर्ध्याच्या मातीत झालेलं आहे.

बेटा, हे तुझ्यासाठी. ॲडिपोनेक्टिन मोजतात ते एलायझा नावाच्या चाचणीने, ९६ खळग्यांच्या प्लेटवर. पिपेट धरलेला हात थरथरला तर आकडा चुकतो. या सुट्टीत जवळच्या लॅबमध्ये पंधरा दिवस उभी राहा, नमुने कसे हाताळतात ते बघ. गणित सोडू नको. संख्याशास्त्र आल्याशिवाय या कामात पुढे जाता येत नाही, आणि बायोलॉजीवाली मुलं नेमकी तिथेच अडतात. मावशीचे रिपोर्ट एका वहीत तारखेनिशी लिहून ठेव.

भाऊ, कॉलेज पाहायला जाल तेव्हा तिला सोबत न्या आणि प्रयोगशाळा उघडून दाखवा म्हणा. स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावणातून किती प्रकाश जातो ते मोजणारं यंत्र, चालू आहे का आणि मुलांना त्याला हात लावू देतात का, हे तिलाच विचारू द्या. यंत्रावर धूळ बसलेली दिसली तर पुढचं कॉलेज पाहा.