वाइल्ड कार्ड: रानटी पत्ता, हुकमाचा एक्का की जोकर?

न्यू जर्सीला मुलीकडे गेलेल्या एका आजोबांचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "नातू बेसबॉलवेडा. सप्टेंबर संपत आला की त्याच्या तोंडी एकच, वाइल्ड कार्ड सिरीज. परवा म्हणाला, आजोबा, ह्याला मराठीत काय म्हणतात? मी मोबाइलला विचारलं, तर 'रानटी पत्ता मालिका' असं आलं. आमची ही म्हणाली, 'हुकमाचा एक्का' म्हणा. दोन्ही मनाला पटेनात. बरोबर शब्द कोणता? आणि हे कार्ड संघाला देतं तरी कोण?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण शब्दाची गोम तिथेच आहे. बेसबॉलमध्ये हे कार्ड, म्हणजे गट न जिंकताही बाद फेऱ्यांत मिळणारी जागा, कोणी देत नाही. १६२ सामने खेळून ते कमवावं लागतं. आपल्याकडे हा शब्द टेनिसमधून आला आणि रिअ‍ॅलिटी शोंनी घरोघरी पोचवला, त्यामुळे "वाइल्ड कार्ड एंट्री" म्हटलं की मधूनच, आयोजकांच्या मर्जीनं आत आलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. टेनिसमध्ये ते खरंच आहे. गोरान इव्हानिसेविच २००१ साली विम्बल्डन जिंकला तेव्हा तो जगात १२५ वा होता, आयोजकांनी वाइल्ड कार्ड दिलं म्हणून तो कोर्टवर उतरू शकला. तिथे "खास निमंत्रण" हा मराठी शब्द चपखल बसतो. बेसबॉलमध्ये मात्र तोच शब्द लावलात तर नातू हसेल. २०२२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी १०१ सामने जिंकले होते, त्यांच्याच गटातल्या अटलांटानंही १०१च, पण आपसातल्या सामन्यांत अटलांटा सरस ठरलं, गट त्यांनी जिंकला आणि मेट्सच्या वाट्याला वाइल्ड कार्ड आलं. १०१ विजयांनंतर कुणी "तुम्हाला खास निमंत्रण" म्हणालं तर कसं वाटेल?

आता मोबाइलच्या भाषांतराचा निकाल लावू. मराठीत "पत्ते" हा खेळ झाला, फार तर अख्खा कॅट झाला. हातात जे एकेकटं धरतो ते पान. "पान टाक लवकर", "पानं नीट लाव आधी", "माझी पानं बघू नकोस" असंच आपण म्हणतो. एकवचनी "पत्ता" म्हटलं की घर नंबर, गल्ली, पिनकोड आले. त्यामुळे "रानटी पत्ता" हा मला तरी जंगलात बंगला बांधलेल्या कुणाच्या तरी पाकिटावरचा मजकूर वाटतो. शिवाय रानटी म्हणजे नुसतं रानातला नव्हे. रानातल्यासाठी आपण बहुतेकदा नुसतं "रान" पुढे जोडतो: रानमांजर, रानमेवा, रानभाजी. "रानटी हत्ती" म्हणतो खरं, पण एरवी "रानटी" ही वागण्यावरची शिवी आहे.

गंमत म्हणजे बेसबॉलमध्ये आणखी एक "वाइल्ड" आहे, वाइल्ड पिच. फेकणाऱ्याचा चेंडू इतका भलतीकडे जातो की फलंदाजामागे बसलेल्या कॅचरलाही तो आवरत नाही. त्या "वाइल्ड"ला आपल्या क्रिकेटच्या मराठीत तयार शब्द आहे, स्वैर. "स्वैर मारा", "स्वैर गोलंदाजी" वर्षानुवर्षं छापून येतं. पण पानाच्या बाबतीत "स्वैर" चालत नाही. तिथे "वाइल्ड" म्हणजे ज्याच्या हातात असेल त्यानं म्हणावं ते.

आणि म्हणून "हुकमाचा एक्का"ही बाद. ही चूक मी स्वतः केलेली आहे, तेव्हा जरा अधिकारानं बोलतो. तरुणपणी एका दैनिकासाठी टेनिसच्या बातम्या भाषांतरित करायचो, त्यात वाइल्ड कार्डवाल्या एका पोराला "हुकमाचा एक्का" करून टाकलं होतं. बिचारा पहिल्याच फेरीत गारद झाला. दुसऱ्या दिवशी कचेरीत सगळ्यांनी मला एक्काच म्हणायला सुरुवात केली. हुकूम म्हणजे डावापुरता राजा झालेला रंग. हुकमाची दुर्री बदामाच्या एक्क्याला मारते, पण ती दुर्रीच असते, तिला स्वतःचं नाव-गाव असतं. (हिंदीत हुकुम हा रंगच वेगळा, म्हणजे आपलं इस्पिक. हिंदी मित्रांबरोबर खेळताना यावरून भांडणं होतात.) वाइल्ड कार्डाला स्वतःचं नाव नसतं. गरज पडेल ते नाव ते घेतं.

असं पान मराठी घरांत आहे, आणि त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. जोकर.

आमच्या आत्याकडे मे महिन्यात दुपारभर रमी चालायची. तेरा पानं वाटून झाली की एक पान उलटं करून गड्डीखाली आडवं खोचायचं, तो त्या डावाचा जोकर. मग दर पाच मिनिटांनी कुणीतरी विचारणार, "जोकर कुठला गं?" अठ्ठी निघाली असेल तर बाकीच्या सगळ्या अठ्ठ्या त्या डावापुरत्या स्वतःचं अठ्ठीपण सोडून देणार. इंग्रजीतला "वाइल्ड" तो हाच. पण मला जास्त आठवतो तो दुसरा जोकर, छापील, टोपीवाला. आत्याच्या कॅटातली किलवर सत्ती कधीतरी हरवली होती. नवा कॅट कोण आणणार? तिनं छापील जोकरावर निळ्या बॉलपेननं "कि. सत्ती" असं लिहिलं, आणि पुढची कितीतरी वर्षं तो जोकर सत्ती म्हणून इमानेइतबारे खेळला. बदाम सातमध्ये तो पडला की त्याच्यामागे अख्खा किलवर मोकळा व्हायचा.

बेसबॉलचं वाइल्ड कार्ड म्हणजे हुबेहूब ही बॉलपेनवाली सत्ती.

कसं ते सांगतो. अमेरिकेच्या मुख्य व्यावसायिक बेसबॉलमध्ये दोन लीग, अमेरिकन आणि नॅशनल. १९६९ पासून दोन्हींत दोन-दोन गट होते. दोन गटविजेते एकमेकांशी भिडायचे, जो जिंकेल तो वर्ल्ड सिरीजला, म्हणजे दोन लीगविजेत्यांच्या अंतिम मालिकेला. हिशोब चोख. १९९४ मध्ये प्रत्येक लीगचे तीन गट केले. आता गटविजेते तीन, आणि तिघांच्या जोड्या लागत नाहीत. चौथं पान हवं, आणि ते कॅटात नाही. मग ठरलं की गट न जिंकलेल्यांपैकी ज्याची कामगिरी सगळ्यांत चांगली तो चौथा. जोकरावर पेननं "चौथा" लिहिलं, झालं. त्या वर्षी १२ ऑगस्टला खेळाडू संपावर गेले, वर्ल्ड सिरीजसकट सगळं रद्द झालं, त्यामुळे हे पान प्रत्यक्ष पडलं ते १९९५ ला. पहिले दोन वाइल्ड कार्ड संघ होते न्यूयॉर्क यांकीज आणि कोलोरॅडो रॉकीज. शब्द मात्र बेसबॉलवाल्यांच्या आधीपासून रुळलेला होता. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएलमध्ये १९७० पासून अगदी हीच अडचण होती, तीन गटविजेते आणि चौथ्याची जागा रिकामी, आणि तिथेही उत्तर हेच काढलं होतं.

मग नातवाला सरळ "जोकर" सांगावं का? समजावताना जरूर सांगा, इतकं नेमकं दुसरं काही नाही. छापताना मात्र "मेट्स हा जोकर संघ" असं लिहिलंत तर वाचक सर्कसच आठवेल. मराठीत जोकर पानांत मानाचा आणि पानांबाहेर थट्टेचा, हा पेच सुटत नाही.

काही जाणकार "उत्तम उपविजेता" सुचवतात. हा शब्द २०११ पर्यंत बरोबर होता, कारण लीगमध्ये वाइल्ड कार्ड एकच आणि ते गटांत दुसऱ्या आलेल्यांमधल्या सर्वोत्तमाला मिळायचं. १९९७ ला फ्लोरिडा मार्लिन्स अशा मार्गानं येऊन वर्ल्ड सिरीज जिंकणारे पहिले. २००४ चे बोस्टन रेड सॉक्सही वाइल्ड कार्डच. पण २०१२ पासून कार्डं दोन झाली. २०१५ साली नॅशनल लीगच्या सेंट्रल गटात सेंट लुइसनं १०० सामने जिंकले, पिट्सबर्गनं ९८, शिकागो कब्जनं ९७. दोन्ही वाइल्ड कार्डं याच गटात गेली. कब्ज गटात तिसरे, तरी आत. इतकंच नव्हे, दुसऱ्या आलेल्या पिट्सबर्गला कब्जनं पिट्सबर्गच्याच मैदानावर ४-० हरवलं. तिसऱ्याला उपविजेता कसं म्हणणार? आता तर प्रत्येक लीगमध्ये तीन कार्डं आहेत.

तेव्हा माझं मत: "वाइल्ड कार्ड" तसंच ठेवा. मराठी माणसाला ते कळतं. पहिल्यांदा येईल तिथे चार शब्दांत उलगडा करा, "गट न जिंकताही कामगिरीच्या जोरावर मिळालेली जागा". भाषांतराचा अट्टहास जिथे खरंच उपयोगी पडेल ते ठिकाण दुसरं आहे, "सिरीज".

इंग्रजीत "वाइल्ड कार्ड सिरीज" म्हणजे, उदाहरणार्थ, मेट्स आणि मिलवॉकी ब्रुअर्स या दोन संघांची आपसातली झुंज, आणि तेच नाव अशा चारही झुंजींच्या अख्ख्या टप्प्याला. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, ते वापरावेत. दोन संघांमधली ती मालिका, चार मालिका मिळून ती फेरी. बाद फेऱ्यांमधली सलामीची फेरी म्हणजे वाइल्ड कार्ड फेरी, आणि त्या फेरीत चार वाइल्ड कार्ड मालिका. वाक्य लिहिताना हा फरक पाळला की अर्धा गोंधळ मिटतो.

वर्षही पाहायला हवं. १९९५ ते २०११ अशी फेरीच नव्हती, वाइल्ड कार्ड संघ थेट पुढच्या फेरीत खेळायचा. २०१२ पासून एकच सामना, हरलात की घरी. तेव्हा तिथे "मालिका" लिहिणं चूक, "वाइल्ड कार्ड सामना" म्हणायचं. २०२० च्या साथीच्या हंगामात एकदाच सोळा संघ घेतले आणि तीन सामन्यांची मालिका केली, २०२१ ला पुन्हा एकच सामना, आणि २०२२ पासून कायमची मालिका, सगळे सामने वरच्या मानांकिताच्या मैदानावर.

"तीन सामन्यांची" असं आत्ता मीही लिहिलं, पण ते जपून. तीन सामने होतीलच असं नसतं, आधी दोन जिंकेल तो पुढे. २०२३ मध्ये चारही मालिका दोन-दोन सामन्यांतच आटोपल्या. "तीनपैकी दोन सामन्यांची मालिका" हे कानाला जड वाटतं, तरी खोटं नाही. गल्लीत पोरं "बेस्ट ऑफ थ्री" म्हणतात, तेही चालेल.

दोन्ही लीगमधले पहिले दोन-दोन गटविजेते ही फेरी खेळतच नाहीत. त्यांना मिळतो त्या "बाय"ला मात्र इंग्रजी शब्द कशाला? कबड्डी-खोखोच्या मैदानांवर, कॅरमच्या स्पर्धांत "पुढे चाल" हा सुंदर शब्द पडून आहे. "ब्रुअर्सना पहिल्या फेरीत पुढे चाल" हे वाचून कुणालाही कळेल. समोरचा आलाच नाही तरी आपण पुढे चालच म्हणतो, इथे मात्र समोर कुणी ठेवलेलाच नसतो. वाक्यात ते स्पष्ट होतं.

आता एक खड्डा दाखवतो, त्यात मी चांगल्या चांगल्यांना पडताना पाहिलं आहे. वाइल्ड कार्ड फेरीत खेळणारा प्रत्येक संघ वाइल्ड कार्ड संघ नसतो. प्रत्येक लीगमधून चार संघ या फेरीत येतात, तीन वाइल्ड कार्डवाले आणि चौथा तिसऱ्या क्रमांकाचा गटविजेता. म्हणजे १९९४ मध्ये गटविजेत्यांच्या ओळीतली रिकामी जागा भरायला जोकर आणला, आणि आता जोकरांच्या ओळीतली रिकामी जागा भरायला गटविजेता बसवतात! आत्यानं पाहिलं असतं तर कॅटच भिरकावला असता. २०२५ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स आपला गट ९३ विजयांनी जिंकून आले, तरी या फेरीत सिनसिनाटीशी खेळले, दोन सामन्यांत मालिका जिंकली, आणि शेवटी टोरोंटोला सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीजही जिंकले. त्यांना "वाइल्ड कार्डवरून आलेले विजेते" म्हटलं तर ते साफ चूक. "वाइल्ड कार्ड फेरीपासून खेळलेले विजेते" हे बरोबर. एका "फेरीपासून"नं सगळा अर्थ सावरतो.

नातू मेट्सवाला असेल तर २०२४ ची मालिका त्याला तोंडपाठ असेल. मिलवॉकीत तिसरा सामना, नववा म्हणजे शेवटचा डाव, मेट्स ०-२ नं मागे, आणि त्यांच्या पीट अलोन्सोचा तीन धावांचा होमरन, म्हणजे थेट मैदानाबाहेर टोला. मेट्स ४-२ नं जिंकले. त्या दिवशी मेट्स हे वाइल्ड कार्ड संघ होते आणि ब्रुअर्स गटविजेते, पण दोघंही वाइल्ड कार्ड मालिकेतच खेळत होते. हे एक उदाहरण दिलं तर बाकीचं तोच तुम्हाला समजावेल. आणि "इनिंग"ला डाव म्हणा त्याच्यापाशी. पत्त्यातही डावच, हे त्याला आवडेल.

लिहायचं कसं, हेही विचारलंय खाली बारीक अक्षरात. "वाइल्ड", इ ऱ्हस्व, पुढे जोडाक्षर आहे म्हणून. कार्ड नपुंसकलिंगी: कार्ड मिळालं, कार्डं मिळाली. आणि "वर्ल्ड सिरीज"चं "जागतिक मालिका" करू नका, ते १९०३ पासूनचं विशेषनाम आहे.

कॅट जवळ असेल तर नातवाला एखादं पान लपवायला सांगा, आणि बॉलपेन त्याच्याच हातात द्या.