घोस्ट या बँडचा २०२३ चा ईपी (म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) 'फँटोमाइम' कसा आहे? पाचही गाणी दुसऱ्यांचीच आहेत तर ऐकण्यात अर्थ आहे का?

आहे, नक्की ऐका. कव्हर (दुसऱ्यांची गाणी आपल्या पद्धतीने गायलेली) आहेत म्हणून सोडून देऊ नका, कारण मला तर या बँडची खरी ताकद त्यांच्या स्वतःच्या गाण्यांपेक्षा या पाच उसन्या गाण्यांतून जास्त कळली.

तुम्ही घोस्ट फारसं ऐकलं नसेल तर थोडं आधीचं सांगते. स्वीडनच्या लिंकोपिंगचा रॉक बँड, पण सगळी सूत्रं टोबियास फोर्ज या एकाच माणसाच्या हातात, तो पोपसारखा पोशाख घालून गातो आणि बाकीचे वादक मुखवट्यातले 'नेमलेस घूल्स', म्हणजे बिननावाची भुतं. ईपी काढून त्यात कव्हर करायची त्यांची सवय जुनीच, २०१३ च्या ईपीला तर फू फायटर्सचा डेव्ह ग्रोल प्रोड्यूसर होता, २०१६ चा 'पोपस्टार' पण तसाच पण त्यात 'स्क्वेअर हॅमर' हे स्वतःचं एक गाणं होतं आणि लोकांच्या तेवढंच लक्षात राहिलं. यावेळी, म्हणजे १८ मे २०२३ ला आलेल्या या ईपीत, स्वतःचं एकही नाही.

सगळ्यात जमलंय ते 'जीझस ही नोज मी'. मूळ जेनेसिस या बँडचं, १९९१ च्या अल्बममधलं, टीव्हीवर प्रवचन देऊन भोळ्या लोकांकडून पैसे उकळणाऱ्या पाद्र्यांवर. बुवाबाजी बघत मोठं झालेल्या आपल्या लोकांना ते समजावून सांगावं लागत नाही. त्यांचा गायक फिल कॉलिन्स गातो तेव्हा ती मस्त टिंगल वाटते, पण तेच शब्द पोपच्या वेषातला माणूस गोड, जवळजवळ लाडीगोडी लावल्यासारख्या आवाजात गातो आणि खाली गिटार दणदण वाजत असतात तेव्हा अंगावर येतं. आणि ते रिलीज केलं कधी तर ईस्टरच्या रविवारी. माझ्या भावाला तर हे घोस्टचंच गाणं वाटलं, मूळ ऐकवल्यावर त्याने दोनदा विचारलं की आधी कोणाचं.

आयर्न मेडन या मेटल बँडच्या 'फँटम ऑफ द ऑपेरा'ची मला धाकधूक होती. मी २००८ ला मुंबईत बीकेसीत त्यांना बघितलंय, तेव्हापासून त्यांच्या गाण्यांना कोणी हात लावला की मला त्रास होतो. १९८० च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांचा तेव्हाचा गायक पॉल डिआनो ते रांगड्या आवाजात, भांडायला आल्यासारखं गातो. फोर्जकडे तो आवाज नाही आणि तो तसा आव पण आणत नाही, तो हळू, कानाशी बोलल्यासारखं गातो, आणि गाणं मुखवट्यामागे लपलेल्या माणसाचं आहे हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मधे गाणं थांबतं आणि गिटार एकमेकींना धरून वर चढत जातात ना, तिथे मी कुर्ला स्टेशनच्या ब्रिजवर गर्दीत उभी राहिले, लोक मागून ढकलत होते, तो तुकडा संपेपर्यंत पाय उचलला नाही.

'सी नो ईव्हिल' (टेलिव्हिजन नावाच्या बँडचं, १९७७) चांगलं आहे, सुरुवातीला ठेवलंय ते बरोबर. 'हँगिंग अराउंड' मात्र मला कमी पडलं. स्ट्रँगलर्स या बँडच्या मूळ गाण्यात त्यांच्या बर्नेलचा बेस गिटार नुसता गुरगुरत असतो, तीच त्या गाण्याची जान, आणि इथे सगळं इतकं घासूनपुसून लख्ख केलंय की ती घाण, ती गल्लीतली भीती राहिलीच नाही. हे एक मी आता न ऐकता पुढे जाते.

शेवटचं टीना टर्नरचं 'वी डोन्ट नीड अनदर हिरो'. आधी मला ते नुसतं बरं वाटलं होतं, तिच्या गळ्यापुढे कोण टिकणार. मग सहा दिवसांनी, २४ मेला, ती गेल्याची बातमी आली. त्या रात्री आधी तिचं १९८५ चं ऐकलं आणि लगेच यांचं, आणि फोर्ज तिच्याशी बरोबरी करायला जातच नाही, मान खाली घालून गातो, ते तेव्हा जाणवलं. स्वयंपाकघरात आई भांडी लावत होती, ती म्हणाली हे आधीचंच गाणं का, पुन्हा लाव.

वेळ कमी असेल तर दुसरं ('जीझस ही नोज मी') आणि चौथं ('फँटम ऑफ द ऑपेरा') ऐका, पण चौथ्याआधी मेडनचं मूळ एकदा वाजवून घ्या, आणि फोनच्या स्पीकरवर नको, हेडफोनवर.