खिडकीची काच आणि हरवलेली रेंज

प्रश्न : आमच्या कार्यालयात उष्णतारोधक दुहेरी काचांच्या खिडक्या बसवल्यापासून खिडकी लावली की मोबाइलची रेंज जाते आणि उघडताच परत येते. ज्या काचेतून प्रकाश आरपार येतो, ती रेडिओलहरी कशी अडवते?

उत्तर : लहरी काच अडवत नाही, तिच्यावरचा लेप अडवतो. साध्या काचेतून मोबाइलच्या लहरी थोड्याशाच क्षीण होऊन पार होतात. ‘लो-ई’ या नावाने विकल्या जाणाऱ्या काचेवर मात्र, बहुधा दोन तावदानांमधील पोकळीच्या बाजूला, चांदीचा सुमारे १० ते २० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारांशाहूनही पातळ, थर दिलेला असतो. हा थर दृश्य प्रकाश बराचसा जाऊ देतो, पण खोलीतील वस्तूंमधून निघणारे उष्णतेचे प्रारण परतवतो, आणि त्यासाठीच तो दिलेला असतो.

इतका पातळ थर रेडिओलहरींपुढे टिकतो कसा, ही शंका रास्त आहे. येथे जाडीपेक्षा विद्युतरोध महत्त्वाचा ठरतो. निर्वात अवकाशाचा रेडिओलहरींसाठीचा प्रतिरोध सुमारे ३७७ ओहम असतो, तर अशा थराच्या चौरस तुकड्याचा रोध जेमतेम काही ओहम असतो. त्यामुळे लहर आदळताच थरातील मुक्त इलेक्ट्रॉन हलू लागतात, त्यांच्या प्रवाहातून उलट दिशेने नवी लहर निघते आणि मूळ लहरीचा बहुतांश भाग परतवला जातो. थराचा रोध ४ ओहम धरल्यास गणिताने घट ३० डेसिबलच्या पुढे जाते, म्हणजे आत येणारी शक्ती हजारांशाहूनही कमी उरते. पूर्वी भिंती जाड असल्या, तरी रेंज खिडकीतून येत असे. आता ती वाटही बंद होते.

आपल्या काचेवर असा लेप आहे का, हे पाहण्यासाठी अंधारात काचेजवळ पेटती काडी धरावी. दुहेरी काचेत ज्योतीची चार प्रतिबिंबे दिसतात आणि त्यांतील एकाचा रंग वेगळा असेल, तर तेथे लेप आहे.

सर्वांत सोपा उपाय वाय-फाय कॉलिंगचा. बूस्टर परस्पर लावू नये. अनेक देशांत ते परवान्याविना बेकायदेशीर आहे. खिडक्या नव्याने घ्यायच्या असतील, तर लेसरने लेपात बारीक रेषांची जाळी कोरलेली काच मागावी. रेषांमुळे प्रवाह तुटतो आणि लहरींना वाट मिळते, पण लेपाचा फारच थोडा भाग जात असल्याने उष्णतारोधन जवळजवळ तसेच राहते.