मूव्हर्सनी वाकवलेलं झुंबर, क्लेम ऑफिस आणि फुकटची दुरुस्ती

तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं उसळून आलं. तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीहून डॅलसला घर हलवताना तुमच्या पितळी स्पुटनिक झुंबराच्या (मधल्या गोळ्यातून चहूकडे दांड्या निघतात ते) दांड्या वाकल्या, 'सी. जेरे' सहीच्या उडत्या पक्ष्यांच्या धातूच्या शिल्पाचे डाख, म्हणजे सांधे जोडणारा धातू, निखळले, आणि मूव्हर्सचं, म्हणजे सामान हलवणाऱ्या कंपनीचं, ऑफिस म्हणतंय की नियमाप्रमाणे वजनाच्या दर पौंडाला ६० सेंट घ्या, नाहीतर सदिच्छा म्हणून आमचा माणूस पाठवतो, तो फुकट दुरुस्त करून देईल. आणि तुम्ही विचारताय, फुकट आहे तर करून घेऊ का?

नका घेऊ. आत्ता तर नकाच, आणि त्यांच्या माणसाकडून कधीच नका.

आधी हे सांगतो की मी वकील नाही. पुढचं सगळं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात घर हलवण्याबद्दल आहे, कारण त्याला अमेरिकेचे केंद्रीय नियम लागतात. राज्यातल्या राज्यात हलवलं किंवा कुरिअरने पार्सल पाठवलं तर गणित वेगळं. फोटो काढा, खोके टाकू नका, फोनवर बोलू नका, सगळं ईमेलवर करा, हे तुम्ही केलंच असेल असं धरून चालतो.

माझंही शिल्प जेरेचंच होतं, पक्ष्यांचंच. पूर्ण मूल्याचं संरक्षण (नुकसान झालं तर वजनावर नाही, वस्तूच्या किमतीवर भरपाई) घेतलेलं, शिल्पाचं नाव मौल्यवान वस्तूंच्या यादीत किमतीसकट लिहिलेलं, खोका मूव्हर्सच्याच माणसांनी भरलेला. कागदोपत्री बोट ठेवायला जागा नव्हती. तरी ऑफिसला जागा सापडली.

सामान चढवताना ड्रायव्हर इन्व्हेंटरी, म्हणजे सामानाची यादी, लिहितो, तिच्यात प्रत्येक वस्तूपुढे दोन-दोन अक्षरांच्या खुणा असतात. एससी म्हणजे ओरखडे, बीआर म्हणजे तुटलेलं, बीई म्हणजे वाकलेलं. अनुभवी ड्रायव्हर सगळ्याच वस्तूंपुढे दोन-तीन खुणा ठोकून देतो, म्हणजे पुढे वाद नको. माझ्या शिल्पापुढे त्याने 'बीई' लिहिलं होतं. उडत्या पक्ष्याचा पंख वाकलेला असणार नाहीतर काय सरळ पट्टी असणार? मी तिथेच शेजारी 'मूळ घडण अशीच आहे' असं लिहून सही केली होती. क्लेम ऑफिसने ती ओळ वाचलीच नाही. पहिलं उत्तर आलं: वस्तू आधीपासून वाकलेली होती, सबब दावा अमान्य. मी चढवण्याआधीचे फोटो पाठवले. त्यावर दुसऱ्याच बाईंचं उत्तर, आधीचा पत्रव्यवहार न वाचता लिहिलेलं: मूळ उत्पादकाची पावती जोडा. अहो, साठच्या दशकातली वस्तू, एस्टेट सेलमध्ये (कुणाच्या घरातलं जुनं सामान विकतात तिथे) घेतलेली, कुठली मूळ उत्पादकाची पावती?

मग त्यांनी एकदम सूर बदलला. दावा मान्य, कंपनी दुरुस्ती करून देईल. इथे नियम माहीत असायला हवा: पूर्ण मूल्याच्या संरक्षणात दुरुस्त करून द्यायचं, तशीच दुसरी वस्तू द्यायची की पैसे द्यायचे, हे मूव्हर ठरवतो, आपण नाही. आणि दुरुस्ती त्यांना सगळ्यात स्वस्त. आला तो माणूस फर्निचर दुरुस्त करणारा. लाकडाला चांगला हात असेल त्याचा, मला माहीत नाही. मी नको म्हणत असताना, ऑफिसचा लेखी हुकूम आहे म्हणून, शिल्प त्याच्या वर्कशॉपमध्ये नेलं. परत आलं ते पायरीवर ठेवलेल्या नव्या घंगाळ्यासारखं लखलखत. निखळलेल्या सांध्यांवर चंदेरी डाखाचे जाड गोळे. बाकी सगळं बफिंग मशीनवर घासलेलं. टॉर्चच्या आचेने मुद्दाम आणलेला तपकिरी-जांभळट रंग, पंखांच्या टोकांकडे गडद होत जाणारा, तो पार गेला. खालच्या पंखाच्या कडेला कोरलेली सही आणि साल होतं. त्यातलं 'जे'चं शेपूट आणि सालाचा पहिला आकडा उजेड तिरपा धरला तर दिसतो, इतकंच उरलं. वर क्लिअर स्प्रे. ऑफिसच्या दृष्टीने दावा मिटला, वस्तू 'पूर्वीपेक्षा चांगल्या स्थितीत'.

मी घासाघीस चालूच ठेवली तेव्हा 'तशीच दुसरी वस्तू' म्हणून त्यांनी मला एका ऑनलाइन दुकानाची लिंक पाठवली. नव्या माशांच्या शोपीसची. मासे! शेवटी लवादाकडे गेलो, काही रक्कम सुटली. पण सही गेली ती गेली.

सहीचं एवढं का, हे ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी थोडं विषयांतर. सी. जेरे नावाचा कुणी माणूस कधी नव्हता. कर्टिस फ्रायलर आणि जेरी फेल्स या दोघांनी आपली नावं जोडून ती सही तयार केली आणि साठच्या दशकात लॉस एंजेलिसला आर्टिझन हाऊस काढलं. त्याआधी फेल्स तांब्याचे दागिने करायचे, रेन्वार नावाने. कल्पना अशी की गॅलरीत शोभेल असं काम मध्यमवर्गाच्या भिंतीवर जावं. म्हणजे एकाच नमुन्याच्या अनेक प्रती, कारागिरांच्या हातून. १९७२ मध्ये दोघांनी कंपनी विकली, पण त्या नावाने माल पुढेही निघत राहिला. त्यामुळे सही आणि साल एकत्र असेल तर सुरुवातीचा तुकडा आणि नंतरचा तुकडा वेगळा काढता येतो. भावातला फरक बराचसा तिथेच आहे. बर्टोयाच्या बाबतीत बरोबर उलटं: धातूची शिल्पं करणारा हॅरी बर्टोया आपल्या शिल्पांवर सहीच करत नसे, तिथे कागदपत्रं आणि मालकीची साखळी पाहतात. सही असलेला बर्टोया कुणी दाखवला तर मी आधी संशय घेतो. (आणि बर्टोयाच्या आवाज करणाऱ्या सळ्यांच्या शिल्पांमध्ये अनेकदा बेरिलियमयुक्त तांबं असतं. ते घरी सँडपेपरने घासू नका, ती धूळ फुप्फुसाला घातक असते.)

आता तुमच्याकडे येतो.

पौंडाला ६० सेंट हा दर तुम्हाला आपोआप लागू होत नाही. कायद्याने मूळ गृहीत धरलेलं असतं ते पूर्ण मूल्याचं संरक्षण, ते तुम्ही लेखी नाकारलं असेल तरच ६० सेंटवाला प्रकार लागतो. 'कोणतं घेतलं ते आठवत नाही' असं तुम्ही लिहिलंय. मग आज रात्री पहिलं काम, बिल ऑफ लेडिंग, म्हणजे मूव्हरशी झालेला वाहतुकीचा करार, काढा आणि त्या नकारावर तुमची सही आहे का ते बघा. सही नसेल तर ऑफिस तुम्हाला गुंडाळतंय. असेल तर मात्र लढाई अवघड आहे, खोटी आशा लावत नाही: झुंबर २२ पौंडाचं धरलं तर १३ डॉलर २० सेंट. तेवढ्यात त्याचे बल्बही येत नाहीत.

पूर्ण मूल्य निघालं, तर पुढचा प्रश्न यादीचा. पौंडाला १०० डॉलरपेक्षा जास्त किमतीच्या वस्तू 'असाधारण मूल्याच्या' धरतात आणि त्या कागदावर वेगळ्या लिहिल्या नसतील तर मूव्हर आपली जबाबदारी मर्यादित करू शकतो. लोकांना हे दागिन्यांबद्दल वाटतं. पण पितळी शिल्प हलकं असतं, ९ पौंडाचं शिल्प ९०० डॉलरच्या वर गेलं की ते या रांगेत बसलं. झुंबर जड असल्याने कदाचित वाचेल. दोन्ही वस्तूंचा दावा एकाच वाक्यात लिहू नका, एकीमुळे दुसरी बुडायला नको.

खोका कुणी भरला तेही बघा. इन्व्हेंटरीत 'पीबीओ' लिहिलं असेल तर अर्थ 'मालकाने भरलेला', आणि मग हलगर्जी त्यांची हे तुम्हाला दाखवावं लागतं. बाहेरून चेपलेल्या खोक्याचा फोटो तिथे सोन्यासारखा.

मुदती: लेखी दाव्याला किमान ९ महिने मिळतात. दावा पोचल्याची पोच त्यांनी ३० दिवसांत द्यायची, आणि १२० दिवसांत पैसे, नकार किंवा ठोस प्रस्ताव. तेव्हा 'आजच्या आज ठरवा, नाहीतर सदिच्छा संपली' असं कुणी फोनवर म्हणत असेल तर म्हणू दे. चेकच्या मागे किंवा सोबतच्या पत्रात 'पूर्ण व अंतिम' असं काही असेल तर तो बँकेत टाकू नका. आणि १०,००० डॉलरपर्यंतच्या वादात तुम्ही लवाद मागितलात तर मूव्हरला तो बंधनकारक असतो. माझ्या ऑफिसने हे स्वतःहून एकदाही सांगितलं नाही, मला ते घर हलवण्याआधी मिळालेल्या हक्कांच्या पुस्तिकेत सापडलं. तुमच्याकडेही ती असणार, ती द्यावीच लागते.

माझं स्पष्ट मत: 'तुटलं' हा शब्द दाव्यात कमीत कमी वापरा, 'किंमत घटली' हा जास्तीत जास्त. तुटलं म्हटलं की ऑफिसला दुरुस्ती दिसते. झुंबराबद्दल तर ते नक्की म्हणतील, दिवे लागतात ना, मग झालं. विसाव्या शतकाच्या डिझाइनमधला, लेखी मूल्यांकन करून देणारा मूल्यमापक शोधा, त्याच्याकडून अपघाताआधीची किंमत आणि चांगल्या दुरुस्तीनंतरचीही किंमत, दोन्ही लिहून घ्या. त्याची फी खिशातून जाईल. माझ्या मते ती वसूल होते, पण शंभर डॉलरच्या वस्तूसाठी हा खटाटोप करू नका. दुसऱ्या कुणाचं मत वेगळं असू शकतं.

आणि कृपा करून ऑफिसशी बोलताना 'स्पुटनिक' हा शब्दच टाळा. तो आकाराचा सामान्य शब्द झालाय. उपग्रह उडाला ४ ऑक्टोबर १९५७ ला, पण असे फटाक्यासारखे चहूकडे फुटणारे दिवे मिलानच्या जिनो सार्फात्तींनी १९३९ मध्येच केले होते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरातली लोबमायरची काचेची झुंबरं १९६६ ची, त्यांनाही स्पुटनिकच म्हणतात. आज शंभर-दोनशे डॉलरला मिळणाऱ्या नव्या मालालाही तेच नाव. तुम्ही 'स्पुटनिक' लिहिलंत की समोरचा गूगल करणार आणि सगळ्यात स्वस्त चित्र तुमच्या तोंडावर मारणार. दाव्यात देश, अंदाजे दशक, धातू, दांड्यांची संख्या, लेबल असेल तर त्याचा फोटो, असं लिहा.

तुमचं झुंबर कुठलं ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण ते ओळखायची एक सोपी जागा सांगतो. वाकलेली एखादी दांडी सुटून आलीच असेल तर तिच्या टोकाचे आटे बघा. अमेरिकन दिव्यांत बहुतेक 'एक-अष्टमांश' पाइपचे आटे असतात, इंचाला २७. इटालियन आणि जर्मन दिव्यांत १० मिलिमीटरचे, एक मिलिमीटर अंतराचे. जाडी जवळपास सारखी, त्यामुळे एकाची दांडी दुसऱ्याच्या मधल्या गोळ्यात दोन-तीन फेरे छान फिरते आणि मग अडते. तिथे जोर लावला की मऊ पितळेचे आटे गेलेच. म्हणून दुरुस्तीवाल्याने 'बाजारातली दांडी बसवतो' म्हटलं की आधी विचारा कुठल्या आट्यांची. बल्बच्या होल्डरचे आकारही सांगतात: ई-१२ आणि ई-२६ अमेरिकन, ई-१४ आणि ई-२७ युरोपचे. अर्थात वायरिंग बदलताना कुणी होल्डर बदललेले असू शकतात, आटे बदलायला कुणी जात नाही.

लोहचुंबक चिकटला म्हणून घाबरू नका. त्या काळातही पोलादी नळीवर पितळेचा मुलामा हा सर्रास प्रकार होता. चुंबकाने मुलामा कळतो, काळ नाही.

तुमच्या सौ.नी पितांबरी लावू का विचारलंय, त्यावर सगळ्यांनी हसण्याचे इमोजी टाकलेत, पण प्रश्न योग्य आहे. नको. पितांबरी, चिंच, लिंबू हे देवाच्या तांब्यापितळेला. या दिव्यांवर कारखान्यात लॅकरचा, म्हणजे पारदर्शक वार्निशचा, पातळ थर दिलेला असतो, तो मध्येमध्ये उडालेला असतो. घासलं की जिथे लॅकर नाही तिथे चमक आणि जिथे आहे तिथे डाग, चट्टेपट्टे पडतात. कोरडा मऊ कपडा, फार तर किंचित ओला, बस. रंगवलेले शंकू किंवा पाती असतील तर जास्तच जपा, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये बंदी आली, त्याआधीचा रंग खरवडायचा नाही. घरात रांगतं मूल असेल तर दुप्पट.

दावा मिटल्यावर दुरुस्ती कराच, पण धातूच्या कलावस्तूंवर काम करणाऱ्याकडून, आणि लिहून घ्या की बफिंग करायचं नाही, सहीपासून लांब राहायचं, आणि डाखाचा रंग मूळ सांध्याशी जुळवायचा. वायर सगळी नवी टाकून घ्या. जुन्या रबराचं आवरण बोटाने चुरा होतं. बल्ब एलईडीच लावा, २४ गुणिले ४० वॉट म्हणजे ९६० वॉटची भट्टी होते. टांगताना छतातल्या विजेच्या डब्याची (ज्याला दिवा अडकवतात) क्षमता विचारा, साधा डबा ५० पौंडापर्यंतच्या दिव्यासाठी असतो.

बिल ऑफ लेडिंगवरच्या त्या सहीचं काय निघालं ते इथे कळवा. त्यावर पुढचं सांगता येईल. चूभूद्याघ्या.